मदत हवी आहे: ताईची पाणमोट फुटली, डॉक्टर नुसतं झोपवून ठेवायलेत

केजचा_पोरगा: ताईची पाणमोट, म्हणजे बाळाभोवतीची पाण्याची पिशवी फुटलीय, काल रात्रीपासून पाणी जायलंय, कळा नाहीत. मोठ्या दवाखान्यात आणलंय तर म्हणायलेत थांबा, सिझर आत्ता नाही. सगळं पाणी गेल्यावर बाळ कसं राहील? लातूरला प्रायव्हेटला न्यावं का? लवकर सांगा

शेवंता: कितवा महिना ते सांगा ना आधी. ताप? पाण्याला वास? हिरवं आहे का?

काळी_माती: माझ्या बायकोला असंच झालतं. रोज दोन शहाळी पाजली, पाणी भरून आलं. दवाखान्याचं काय ऐकता

वॉर्डातली_सिस्टर: दादा शहाळ्यानं फाटलेली पिशवी शिवली जात नसती. वहिनींची पिशवी फुटली होती का सोनोग्राफीत पाणी कमी होतं?

काळी_माती: कमी होतं. पण फरक पडला की नाही!

केजचा_पोरगा: आठवा लागलाय, फायलीवर ३१ आठवडे. ताप नाही, वास नाही. चार इंजेक्शनं सांगितलीत, दोन झाली, गोळ्या चालूयत

वॉर्डातली_सिस्टर: हे आधी सांगायचं ना भाऊ! ती बाळाच्या फुफ्फुसाची, १२-१२ तासांनी ४. गोळ्या इन्फेक्शनच्या असतील. ३४ आठवड्यांच्या आत आणि इन्फेक्शन नसलं तर थांबतातच, जितके दिवस पोटात निघतील तितका श्वासाचा त्रास कमी. आणि ते पाणी म्हणजे बहुतेक बाळाचीच लघवी, ती होत राहते. ताप आला, पाण्याला वास आला, पोट दुखलं, बाळ कमी हललं की लगेच सांगा, मग थांबत नसतात. डॉक्टरला विचारल्याशिवाय हलवू नका, रस्त्यात बाळंत झाली तर बाळाला ऊब देणारी काचेची पेटी कुठनं आणणार? पिशवी लवकर का फुटली ते कळायला विचारते, पहिलं बाळ दिवस भरून झालतं का? लघवीला जळजळ? मिश्री?

केजचा_पोरगा: पहिलं पण आठव्यातच. जळजळ होती, पण ऊसतोडीला गेलती, फडात कुठं दाखवणार. मिश्री लावती, पण ती दाताला लावती, पोटाचा काय संबंध

शेवंता: तंबाखूच की ती, रक्तात जाती. आणि फडात आडोसा नाही म्हणून बाया दिवसभर पाणीच पीत नाहीत, जळजळ होईल नाही तर काय

फडकरी: मुकादमाकडनं तोडीसाठी आगाऊ घेतलेली उचल फिटली का? मुकादम दवाखान्याच्या दारात येतो

गावचा_ऑपरेटर: जन्माची नोंद २१ दिवसांत करा, नंतर हेलपाटे पडतात

वॉर्डातली_सिस्टर: अहो बाळ होऊ तर द्या!

केजचा_पोरगा: तिसरं इंजेक्शन झालं. पाणी साधंच आहे. आईनं शहाळं आणलंय, द्यावं का?

वॉर्डातली_सिस्टर: डॉक्टर खाऊ-पिऊ देत असतील तर द्या. तहान भागते त्यानं.

काळी_माती: बघा