महाराष्ट्राचा विमा आयुक्त कोण असतो? त्या लाइनमध्ये करिअर होतं का?

तर्रीपोहा_नागपूर
नमस्कार मंडळी. बी.कॉम. झालंय, 63 टक्के, सध्या धरमपेठेत अभ्यासिकेत बसून एमपीएससी आणि बँकिंग दोन्हीचं करून राहिलो. माझा मामेभाऊ अमेरिकेत एका राज्याच्या इन्शुरन्स डिपार्टमेंटमध्ये आहे, विमा कंपन्यांचे हिशोब तपासतो, क्लेम नीट देतात का ते बघतो, आणि तिकडे म्हणे प्रत्येक राज्याचा वेगळा इन्शुरन्स कमिशनर असतो. मला ते काम जाम आवडलं. तर आपल्याकडे राज्याचं असं ऑफिस कुठे आहे, मुंबईला का? एमपीएससीतून जाता येते का? घरी विचारलं तर बाबा म्हणतात एलआयसीचा एजंट हो.

वर्धारोड_जंक्शन
भाऊ, आपल्याकडे राज्याचा विमा नियामक नसतोच. घटनेत विमा हा विषय केंद्राच्या यादीत आहे, त्यामुळे एमपीएससीचा इथे काही संबंध नाही. जे आहे ते आयआरडीएआय, म्हणजे अख्ख्या देशाचं विमा नियामक, मुख्यालय हैदराबादला, 1999 चा कायदा, त्याआधी मल्होत्रा समितीचा 1994 चा रिपोर्ट, तो वाचून ठेव, इंटरव्ह्यूला कामी येईल.
शिरायचा रस्ता म्हणजे असिस्टंट मॅनेजरची (ग्रेड ए) परीक्षा. 2024 च्या जाहिरातीत जागा होत्या 49, त्यातल्या 24 जनरलिस्टच्या, बाकी अ‍ॅक्चुअरियल (म्हणजे विम्यातल्या जोखमीचं गणित), फायनान्स, लॉ, आयटी, रिसर्च अशा पाच-पाच. ग्रॅज्युएशनला 60 टक्के मागतात, तुझे आहेत. पहिला टप्पा बँकेसारखाच, 160 प्रश्न नव्वद मिनिटांत, दुसरा लेखी, त्यात इंग्रजी, विम्यावर परिणाम करणारे आर्थिक-सामाजिक प्रश्न, आणि विमा व व्यवस्थापन असे तीन पेपर, मग इंटरव्ह्यू. बेसिक 44,500 होता, भत्ते धरून जवळपास दीड लाख. पण अख्ख्या देशात 49 जागा आणि जाहिरात दरवर्षी येईलच असं नाही, म्हणून फक्त हिच्या भरवशावर बसू नको बे. आरबीआय, सेबी, नाबार्डच्या ग्रेड ए-बीसोबत हिचा फॉर्म भर, अभ्यास बराचसा तोच आहे.

आंबिया_बहार
राज्याचं काहीच नाही असं नका म्हणू भाऊ, आमच्या काटोलकडं विचारा. पीक विम्यात पिकं-क्षेत्र नोटिफाय करणं, टेंडर काढून कंपनी ठरवणं, हप्त्यातला वाटा भरणं हे राज्यच करते. संत्र्याचा विमा तर हवामानावर, म्हणजे मंडळातल्या हवामान केंद्रावर पाऊस-तापमान किती नोंदलं त्यावर पैसे, तुमच्या बगीच्यात फळगळ किती झाली ते कोणी पाहायला येत नाही. आमच्या गावात पाणी नाही अन् केंद्रावर पडून गेलं, झालं, बसा बोंबलत! तक्रार करायची तर जिल्ह्याची समिती, कलेक्टर साहेबांची, हैदराबाद नाही. म्हणून ज्याला शेतकऱ्याच्या विम्यात काम करायचं आहे त्यानं कृषी सेवेची परीक्षा द्यावी, ती एमपीएससीच घेते.

वर्धारोड_जंक्शन
बरोबर आहे, पण ते योजना राबवणं झालं. कंपनीला लायसन्स द्यायचं, तिच्याकडे क्लेम द्यायला पुरेसं भांडवल आहे का ते बघायचं, दंड मारायचा, ते हैदराबादच. तुझा-माझा मेडिक्लेम नाकारला तर मात्र आधी कंपनी, मग आयआरडीएआयचं तक्रारीचं बीमा भरोसा पोर्टल किंवा विमा लोकपाल. नागपूरवाल्यांचा लोकपाल पुण्याला बसतो, फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचं प्रकरण चालते.

सिव्हिल_लाइन्सची_मावशी
मी चोवीस तास आकडेमोड करणाऱ्या जमातीतली, अ‍ॅक्चुअरीचे पेपर देते आहे, म्हणून अमेरिकेचं सांगते. तिकडे 1945 च्या मॅककॅरन-फर्ग्युसन कायद्याने विमा राज्यांकडे ठेवला. बहुतेक राज्यांत कमिशनर नेमतात, पण अकरा राज्यांत चक्क निवडणूक होते, कॅलिफोर्नियात 1988 च्या जनमतानंतर. त्यामुळे ते पद राजकारणाची पायरी होतं, कॅथलीन सिबेलियस कॅन्ससच्या इन्शुरन्स कमिशनर होत्या, मग गव्हर्नर, मग ओबामांच्या आरोग्यमंत्री. तुझा मामेभाऊ मात्र त्या रांगेत नाही, तो एक्झामिनर असणार. कमिशनर बदलतात, ही माणसं तिथेच राहतात.
आणि या धंद्यातला माझा आवडता माणूस एलायझर राइट. गणिताचा प्राध्यापक, गुलामगिरीविरोधी कार्यकर्ता. 1844 ला लंडनला गेला तर तिथे म्हाताऱ्या लोकांच्या पॉलिसींचा लिलाव चाललेला, हप्ता भरता येईना म्हणून विकायला काढलेल्या, आणि घेणाऱ्याचा फायदा कशात, तर म्हातारा लवकर जाण्यात. ते पाहून हा हादरला. 1858 ला मॅसॅच्युसेट्सचा विमा आयुक्त झाला आणि 1861 ला कायदा करवून घेतला की हप्ता थकला तरी कंपनीने सगळे पैसे गिळायचे नाहीत, जमा रकमेतून विमा काही काळ चालू ठेवायचा. कंपन्यांनी शेवटी त्याला पदावरून घालवलंच. तर नोकरी बघताना पगाराबरोबर हेही बघ, कारण रोजचं काम म्हणजे रिटर्न वाचणं आणि पत्रं लिहिणं, कंटाळा येणाऱ्याने जाऊ नये.

तर्रीपोहा_नागपूर
मावशी, मला फाइल वाचायचा कंटाळा नाही. पण ग्रेड ए ने लागून पुढे आयआरडीएआयचा चेअरमन होता येते का?

वर्धारोड_जंक्शन
आजवर तरी सगळे बाहेरून आले. पहिले रंगाचारी इन्कम टॅक्समधले, म्हणजे ज्यांचं ट्रेनिंग आपल्या छिंदवाडा रोडवर होते त्या सर्व्हिसचे, विजयन एलआयसीतून, बाकी जास्त करून आयएएस. खुर्चीच पाहिजे असेल तर यूपीएससी दे. काम पाहिजे असेल तर अ‍ॅक्चुअरीचे पेपर सुरू कर, त्या स्ट्रीमला सात पेपर पास लागतात आणि म्हणून गर्दी कमी असते.

तर्रीपोहा_नागपूर
गणित बारावीत होतं. मावशी, पहिला पेपर कोणता देऊ?

सिव्हिल_लाइन्सची_मावशी
आधी अ‍ॅसेट, म्हणजे प्रवेश परीक्षा. ती पास झालास की मेसेज कर, जुनी पुस्तकं आहेत माझ्याकडे.