बाबा म्हणतात पुतळा हवाच, लेक म्हणते नको. वॉर मेमोरियलवर एखादी डॉक्युमेंटरी सुचवा

रामबाग_इंदूर:
लेक आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे, थिसिससाठी महूला वॉर मेमोरियल घेतलंय. बाबा म्हणजे माझे सासरे, फौजेतले, ७१ ला पूर्वेच्या आघाडीवर होते. तिने काय काढलंय तर जमिनीत उतरत जाणारा रस्ता आणि बाजूला नुसती नावं, पुतळा नाही तोफ नाही. बाबा म्हणाले हे स्मारक आहे की पार्किंगचा रॅम्प! झालं, तेव्हापासून रोज जेवताना हेच. दोघांना शेजारी बसवून दाखवता येईल असं काही आहे का? इंग्रजी चालेल, फक्त लढाईचं फुटेज फार नको, बाबा उठून जातात.

सराफ्यातला_उल्लू:
ताई एकच नाव, ‘माया लिन: अ स्ट्राँग क्लिअर व्हिजन’. १९९४ ची, फ्रीडा ली मॉकची, ऑस्कर मिळालेली. वॉशिंग्टनची ती व्हिएतनाम युद्धाची काळी भिंत आहे ना, तिचं डिझाइन करणारी पोरगी म्हणजे ही माया लिन, तेव्हा येल विद्यापीठात शिकत होती, वय २१. १९८१ ची खुली स्पर्धा, १४२१ एन्ट्र्या, कागदावर नाव नाही फक्त नंबर, हिचा १०२६. निकाल लागला आणि मग जो राडा झाला भिया... काळा रंग म्हणजे शरमेचा, जमिनीत घातलंय म्हणजे अपमान, त्यात ती बाई, विद्यार्थिनी आणि चिनी वंशाची. तुमच्या जेवणाच्या टेबलावरचं भांडण तिथे जाहीर सुनावणीत चाललंय असं समजा. फिल्म म्हणून मला जरा कौतुकाकडे झुकलेली वाटली, विरोधातल्या सैनिकांना अजून बोलू द्यायला हवं होतं. नंतर तिची बाकीची कामं येतात, त्यात अमेरिकेतल्याच माँटगोमेरी शहरातलं पाणी वाहणारं सिव्हिल राइट्स मेमोरियल लेकीने चुकवू नये.

फुटपट्टी:
+१. लेकीला म्हणावं नावांचा क्रम बघ, खरी गंमत तिथेय. एबीसीडी नाही, हुद्दा नाही, जो ज्या तारखेला पडला त्या क्रमाने. सुरुवात मधल्या कोपऱ्यात १९५९ पासून, तिथून नावं उजव्या टोकापर्यंत जातात, मग डाव्या टोकाला पुन्हा सुरू होऊन १९७५ ला त्याच कोपऱ्यात येऊन मिळतात. म्हणजे एका चकमकीत गेलेले शेजारी शेजारी. आपल्याकडे आडनावाने लावली असती तर शिंदे-पवारांचीच रांग झाली असती, कोणता शिंदे कुणाचा कळलं नसतं. भिंत मध्ये दहा फूट उंच, टोकांना जेमतेम वीतभर. आणि बाबांना आवर्जून सांगा, तो काळा ग्रॅनाइट बंगलोरचा आहे.

माणिकबाग_रोड:
थोडं अवांतर. आपल्या दुसऱ्या यशवंतराव होळकरांनी इंदूरला मंदिर बांधायला ब्रांकुसी या रोमानियन शिल्पकाराला बोलावलं होतं, तो येऊन गेला पण मंदिर काही झालं नाही. त्याच माणसाने १९३८ मध्ये रोमानियात पहिल्या महायुद्धातल्या लोकांसाठी स्मारक केलं, एक दगडी टेबल, एक दार आणि सुमारे २९ मीटरचा खांब. सैनिक एकही नाही. थिसिसमध्ये इंदूरचा धागा म्हणून छान बसेल, परीक्षक खूश.

महूवाला:
फिल्म बघा, पण दोघांना एकदा दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावरही न्या. २०१९ ला झालं, गोल गोल भिंती, विटेएवढ्या ग्रॅनाइटवर एकेक नाव, पंचवीस हजारांहून जास्त. परमवीर चक्रवाल्यांचे अर्धपुतळे आहेत पण वेगळ्या बाजूला. फौजी माणूस म्हणून सांगतो, पुतळ्यासमोर आम्ही सॅल्यूट करतो, नाव मात्र बोटाने शोधतो. दोन्ही लागतं.

रामबाग_इंदूर:
रविवारी पोहे-जलेबी समोर ठेवून लावली. बाबा उठले नाहीत. नावांच्या क्रमाचं आलं तेव्हा थांबव म्हणाले आणि आपल्या पलटणीतली तीन नावं तारखेसकट सांगितली, आम्ही कुणीच आजवर ऐकली नव्हती. लेकीने ती वहीत लिहून घेतली. मला वाटलं मिटलं आता. तेवढ्यात तो १९८४ ला तिथे बसवलेल्या तीन सैनिकांच्या ब्राँझचा विषय निघाला आणि बाबा टाळी वाजवून म्हणाले, बघ, शेवटी पुतळा बसवलाच ना! ती म्हणाली हो आजोबा, पण भिंतीपासून लांब, झाडांपाशी. आता किती लांब यावर चालू आहे.