अनुभव धागा : संगीत नाटक, कोल्हापूर आणि "तुला यातलं काय कळतं?"

कोल्हापुरात संगीत नाटकाची आवड असलेल्या पंचविशीच्या आतल्या माणसाला दोन ठिकाणी हिशेब द्यावा लागतो. बरोबरीचे विचारतात, "हे आजोबांच्या काळातलं काय घेऊन बसलायस?" आणि नाट्यगृहातल्या पुढच्या रांगा विचारतात, "तुला यातलं काय कळतं?" पहिला प्रश्न हसण्यावारी नेता येतो. दुसऱ्या प्रश्नाने मात्र काही जण पहिल्या तालमीनंतर पुन्हा फिरकले नाहीत, हे मी पाहिले आहे, आणि त्यांतले दोघेतिघे चांगले गाणारे होते.

हा धागा त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे. 'कट्यार काळजात घुसली' २०१५ मध्ये पडद्यावर आले, 'संगीत देवबाभळी' त्यानंतर दोनेक वर्षांत रंगमंचावर आले, आणि त्या ओढीने जी मुले संगीत नाटकाकडे वळली त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरी ऑर्गन नव्हता, जुन्या तबकड्या नव्हत्या आणि गाण्यातले नातेवाईकही नव्हते. या शहरातल्या जाणत्या रसिकांनी त्यांना कसे सामावून घेतले, किंवा घेतले नाही, ते त्यांच्याच शब्दांत वाचायचे आहे. इंग्रजी म्युझिकलचे वेड असलेल्यांनीही लिहावे. त्यांना वेगळ्या पंगतीला बसवण्याचे मला तरी काही कारण दिसत नाही. मते सगळ्यांनाच असतात, म्हणून कृपया अनुभव लिहा, आणि व्यक्तींची व संस्थांची नावे टाळा.

कागल तालुका, वय २२

आमच्या घरी भजनाची परंपरा आहे. आजोबा पखवाज वाजवत आणि एकादशीला आमच्या ओसरीवर गाव जमत असे. हौशी राज्य संगीत नाट्य स्पर्धेसाठी कोल्हापुरातल्या एका गटाला गाणाऱ्या मुली हव्या आहेत असे कळले, तेव्हा मी गेले. काळी चार पट्टीत एक पद गायले. आवाज पाहणाऱ्या बाई म्हणाल्या, "आवाज मोकळा आहे, पण गाणं भजनी आहे," आणि पुढच्या मुलीला बोलावले. मला सखीची भूमिका मिळाली. तिला पद नव्हते, आणि जी दोन वाक्ये होती तीही माझ्या बोलण्याला गावाचा वास येतो म्हणून नंतर दुसरीला देण्यात आली.

'भजनी' म्हणजे नेमके काय, हे मला तेव्हा कोणी सांगितले नाही. ते सांगितले ऑर्गनवर बसणाऱ्या काकांनी, चहाच्या सुट्टीत. त्यांनी सूर वाजवलेच नाहीत. फक्त षड्ज धरून ठेवला आणि मला तेच पद पुन्हा म्हणायला लावले. मग म्हणाले, "भजनात तुमच्याबरोबर पंचवीस जण असतात, शब्द टाळाच्या ठोक्यावर टाकलात तरी चालतो. इथं समोर एक पात्र उभं आहे आणि तुम्ही त्याला उत्तर देताय. आधी शब्द त्याच्यापर्यंत पोचू दे, जागा, हरकती मागनं घ्या." मी ओळ तशी म्हटली, आणि माझे मलाच कळले की आतापर्यंत मी प्रेक्षकांकडे तोंड करून गात होते, नायिकेकडे नव्हे.

दोघांनी माझा दोष एकच सांगितला होता. एकाने मात्र तो दुरुस्त कसा करायचा हेही सांगितले. यापेक्षा मोठा फरक मला आजवर कोणत्याही दोन रसिकांत दिसलेला नाही. आणि गावाच्या वासाबद्दल एवढेच सांगते की ज्या केशवराव भोसल्यांचे नाव आपल्या नाट्यगृहाला आहे, ते याच शहरातल्या गरीब घरातले पोर होते. लहानपणीच ते स्वदेशहितचिंतक या नाटक मंडळीत गेले आणि तिथे 'शारदा' नाटकात शारदेची भूमिका करून नावारूपाला आले.

राजारामपुरी, वय २०

माझे वेड इंग्रजी म्युझिकलचे आहे, त्यामुळे इथे लिहावे की नाही याचा विचार करत होतो. 'हॅमिल्टन' हे अमेरिकी म्युझिकल २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आले आणि त्याचा चित्रित प्रयोग जुलै २०२० मध्ये डिस्ने प्लसवर आला. टाळेबंदीत महाविद्यालय बंद, गल्लीत चिटपाखरू नाही, अशा दिवसांत मी त्यातली सगळी गाणी श्वासांच्या जागांसह पाठ केली. पुढे जगभरातल्या चाहत्यांच्या एका गटात सामील झालो. तिथे पहिला प्रश्न आला, "तू कुठला नटसंच पाहिलास?" मी खरे उत्तर दिल्यावर माझ्या मताची किंमत एकदम उतरली. ज्या नाटकात अमेरिकेच्या गोऱ्या संस्थापकांच्या भूमिका कृष्णवर्णीय आणि लॅटिनो नट करतात, म्हणजे ही गोष्ट सांगण्याचा हक्क कोणाला, हा प्रश्नच जे नाटक रंगमंचावर उभा करते, त्याच्या चाहत्यांनी माणसाची लायकी न्यूयॉर्कच्या तिकिटावरून ठरवावी, याची गंमत तिथे कोणालाच वाटली नाही.

चोरून चित्रित केलेले प्रयोग पाहावेत की नाही, यावर त्या गटात कायम भांडण चाले. पाहू नये म्हणणारे बहुतेक सगळे नाट्यगृहापासून तासाभराच्या अंतरावर राहणारे होते. नटांची बाजू मला पटते. त्यांच्या परवानगीशिवाय त्यांचे काम फिरवणे बरे नव्हे. पण ज्याला तिकीट काढणे शक्य आहे त्याने, ज्याला ते शक्यच नाही त्याला नीतिपाठ द्यावा, हे मला पटत नाही.

इकडे कोल्हापुरात गोष्ट उलटी. युवा महोत्सवातल्या पाश्चात्य एकल गायनासाठी मी सराव करत होतो, तेव्हा एका ज्येष्ठांनी "आपल्या मातीतलं काही येत नाही का?" असे विचारले. ते ज्या ऑर्गनला टेकून उभे होते, तो परदेशातून आलेला. 'मानापमान' या संगीत नाटकाच्या चाली १९११ मध्ये आपल्या गोविंदराव टेंब्यांनी बांधल्या, त्यांत पूरबी ठुमरीचा रंग आहे. आणि त्याआधी अण्णासाहेब किर्लोस्करांना १८८० मध्ये 'शाकुंतल' सुचले, ते पुण्यात पारशी मंडळींचे 'इंद्रसभा' पाहिल्यावर. ही माती बरीच लांबून वाहत आलेली आहे. (हे मी त्यांना तिथे बोललो नाही. कोल्हापुरात वडीलधाऱ्यांना उत्तर देऊन कोणाचे भले झालेले नाही.)

२०२५ च्या मार्चमध्ये 'फँटम ऑफ द ऑपेरा' या म्युझिकलचा परदेशी संच मुंबईत आला, तेव्हा महालक्ष्मी एक्सप्रेसने जाऊन आलो. पडदा वर गेल्यावर पहिली पंधरा मिनिटे मी नाटक पाहतच नव्हतो. वादक कुठे बसले आहेत, त्यांना गायकांचा इशारा कसा मिळतो, हेच शोधत होतो. परत आल्यावर त्या गटात लिहिले. आता माझ्या मताला किंमत आली आहे. मते तीच आहेत.

शाहूपुरी, वय १९

मी चित्रपट पाहून आले, म्हणून मला 'सिनेमावाली' म्हणतात. मूळ 'कट्यार' १९६७ चे, त्यात वसंतराव देशपांडे होते, हे मला ठाऊक आहे, आणि त्यांचे ध्वनिमुद्रण मी चित्रपटापेक्षा जास्त वेळा ऐकले आहे. पण तेही सांगायची सोय नाही, कारण मग "ध्वनिमुद्रण म्हणजे नाटक नव्हे" असे ऐकावे लागते. लिहिण्यासारखे याहून अधिक काही नाही.

मंगळवार पेठ, वय २४

मी मुलगा आहे आणि मला स्त्री-भूमिकांची पदे गायला आवडतात. आवाज फुटल्यानंतरही माझी वरची पट्टी राहिली. महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात नऊवारी नेसून 'सौभद्रा'तले पद म्हटले. वन्समोअर मिळाला, आणि दुसऱ्या दिवसापासून टोपणनावही मिळाले. ते इथे लिहीत नाही. बालगंधर्वांच्या शालूवर आणि चालण्यावर उभा महाराष्ट्र डोलला, हे कौतुकाने सांगणारी माणसेच ते नाव घेताना खोखो हसत.

नाटकवाल्यांचा प्रश्न वेगळा होता. "आता बायका काम करतात, तुझी गरज काय?" प्रश्न रास्त आहे आणि मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. पुरुषांनी स्त्री-भूमिका केल्या त्या बायकांना रंगमंच बंद होता म्हणून. ती परंपरा जशीच्या तशी परत आणावी, असे मला मुळीच वाटत नाही. एखाद्या गाणाऱ्या मुलीची जागा मला घ्यायची नाही. मला ते गाणे गायचे आहे, इतकेच. घरगुती बैठकीत मी ते गातो आणि सदरा-पायजम्यातच गातो. लुगड्याची निरी कशी बसवायची, पदर कुठे टाचायचा, हे मला नीट येते, म्हणून आमच्या गटातल्या मुलींची वेषभूषा आता माझ्याकडे आहे. निरी फार खाली आली की वळताना पाय अडकतो आणि नेमका तानेच्या तोंडाशी श्वास तुटतो, हे मी स्वतः नेसून गायलो म्हणून मला माहीत आहे. प्रयोगाच्या दिवशी "काय कळतं?" असे मला कोणी विचारत नाही, "लवकर ये" असे सांगतात.

ताराबाई पार्क, वय ६८

पुढच्या रांगेतून लिहितो आहे, आणि वरच्या मुलांशी माझा थोडा मतभेद आहे. प्रश्न विचारणे म्हणजे हाकलणे नव्हे. आम्हांलाही विचारले गेले. पदाचा राग ओळखता येईना तेव्हा माझे मामा सगळ्यांदेखत म्हणाले होते, "मग वन्समोअर कशाला दिलास?" त्या चिडीने मी गाणे शिकायला गेलो. मात्र तरुणांच्या बाजूचा एक मुद्दा आमच्या पिढीने मान्य करायला हवा. आम्ही ज्याला अस्सल म्हणतो ते आम्हीही पाहिलेले नाही. जुन्या नाटक कंपन्यांच्या काळात नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चाले, एकेका पदाला वन्समोअरवर वन्समोअर पडत. आम्ही पाहिली ती पदे छाटून तीन तासांत बसवलेली नाटके. ८ जुलै १९२१ चा, दोन नाटक कंपन्यांनी मिळून केलेला संयुक्त 'मानापमान', केशवरावांचा धैर्यधर आणि बालगंधर्वांची भामिनी, यांविषयी मी आयुष्यभर डोळ्यांसमोर घडल्यासारखे बोलत आलो आहे. माझा जन्म त्यानंतर कितीतरी वर्षांनी झाला. ध्वनिमुद्रण ऐकून आलेल्या मुलीला नावे ठेवताना ही गोष्ट लक्षात ठेवलेली बरी.

वय २१, पत्रकारितेची विद्यार्थिनी

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. मी रात्री खासबागेच्या बाजूला उभी होते. शाहू महाराजांच्या काळात, १९१५ मध्ये, पॅलेस थिएटर म्हणून उघडलेली ती वास्तू. तिचे छत आणि रंगमंच गेला. घरी येऊन मी चार ओळी लिहून मैत्रिणींना पाठवल्या, त्या पुढे पसरल्या, आणि सकाळी मला अनोळखी लोकांचे संदेश आले की तुम्ही किती प्रयोग पाहिलेत ते आधी सांगा. खरे सांगायचे तर मी तिथे बालनाट्ये, वक्तृत्व स्पर्धा आणि एक-दोन व्यावसायिक नाटके पाहिली होती. संगीत नाटक एकही नाही. मला रडू आले ते त्या लाकडी रंगमंचासाठी, ज्यावर शाळेत असताना माझे पाठांतर विसरले होते. दुःखालाही उपस्थितीपट लागतो, हे मला त्या दिवशी कळले.

आता वास्तू होती तशीच पुन्हा उभारायची म्हणतात. तेव्हा "हे खरं केशवराव नव्हे" असे म्हणणारेही येतीलच. माझ्या धाकट्या भावाचे पहिले नाटक त्या नव्या रंगमंचावर होईल, आणि त्याच्यासाठी खरे तेच असेल.

गंगावेस, वय २३, तबला

आमच्या गटात सगळे पहिल्या दिवशी एकत्र नांदी म्हणतात आणि कोण कुठून आले, कोणी काय पाहिले, हे कोणी विचारत नाही. हा नियम आम्ही मुद्दाम केला, आणि त्याने माणसे टिकली. वर कागलच्या ताईंनी लिहिलेले काका आमच्याकडेही यावेत असे फार वाटते, कारण ऑर्गन वाजवणारे आता शोधून सापडत नाहीत. या अडचणीतूनच आमचे भांडण सुरू झाले आहे. अर्ध्या मुलांचे म्हणणे, ऑर्गनची साथ मुद्रित करून ट्रॅकवर प्रयोग करावा. माझा त्याला ठाम विरोध आहे. नटी एखाद्या जागेवर रेंगाळली तर मी सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, तिच्यासाठी थांबवून धरतो, पुन्हा मुखड्यावर येताना तिच्या मानेकडे पाहतो. ट्रॅक थांबत नाही. ट्रॅकवर होणाऱ्या प्रयोगाला मी संगीत नाटक म्हणणार नाही, मग म्हणणारा कितीही तरुण आणि कितीही प्रेमाने आलेला असो. हे वाचून आमच्यातले दोघे म्हणतील की तूही आता दाराशी बसलास. बसलो आहे. रविवारी सकाळी तालीम आहे, पायपेटी, म्हणजे हाच ऑर्गन, शिकायची तयारी असणाऱ्या कोणीही यावे; पेटी आमच्याकडे आहे, तिचा उजवा भाता मात्र दुरुस्त करून घ्यावा लागेल.