उजनीच्या फुगवट्यावरील भरभराट नेमकी कोणाची?

प्रश्न :
भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि इंदापूर, करमाळा, दौंड भागांतील नदीकाठची अनेक गावे उठून वरच्या माळावर गेली. जुन्या पळसदेवचे मंदिर पाणी ओसरले की अजूनही डोके वर काढते. आज त्याच काठावर ऊस उभा आहे आणि रोहित पक्षी पाहण्यासाठी भिगवण, कुंभारगावकडे पर्यटकांची रीघ लागते. परंतु ज्यांची घरे बुडाली, त्यांच्या हाती यातले काय लागले? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १ :
आमचे भोई कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या भीमेवरच जगले. धरणापूर्वी वडीलधारी मंडळी नदीच्या उतारावर माणसे पार करीत आणि उन्हाळ्यात नदीच्या वाळूत कलिंगड-काकडीचे वेल लावीत. धरणाने ही दोन्ही कामे गेली, मात्र मासेमारी वाढली. पुढे पुणे-पिंपरीचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत येत राहिले, लहान आसाच्या (बारीक छिद्रांच्या) जाळ्यांनी पिल्लेही उचलली जाऊ लागली आणि मरळ, वाम हे मासे दुर्मीळ होऊन जाळ्यात मुख्यतः चिलापी (तिलापिया) येऊ लागली. पक्षी दाखवण्याच्या फेऱ्यांनी अनेक घरांना आधार दिला, हे मी कृतज्ञतेने नमूद करतो. पण हा आधार केवळ हंगामापुरता असतो.

प्रतिसाद २ :
वरील प्रतिसादाशी सहमत आहे. त्यात शेतकऱ्याची बाजू जोडतो. सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) साठ्यापैकी निम्म्याहून अधिक मृतसाठा, म्हणजे धरणाच्या दारांखाली राहणारे पाणी, असल्यामुळे उजनी ‘वजा’मध्ये जाणे, म्हणजे पातळी मृतसाठ्यात उतरणे, ही आमच्याकडे उन्हाळ्यातली नेहमीची बातमी आहे. पाणी मागे हटू लागले की मोटार, केबल आणि पाइप घेऊन त्याच्या मागोमाग चिखलात उतरावे लागते, आणि तरीही पाणी पुरले नाही तर चारी खोदून ते मोटारीपर्यंत आणावे लागते. ज्याच्याकडे लांबवर पाइप टाकण्याइतके भांडवल आहे त्याचा ऊस वाचतो, बाकीच्यांचा वाळतो. याच ओसरत्या पाण्याने उथळ दलदल उघडी पडते आणि रोहित पक्षी तेथेच उतरतात. म्हणजे होडीवाल्याचा हंगाम भरात येतो तेव्हा शेजारच्या शेतकऱ्याच्या जिवाला घोर लागलेला असतो. गावाची भरभराट एका आकड्यात मोजणे मला म्हणूनच चुकीचे वाटते.

प्रश्नकर्ता :
दोघांचेही मनःपूर्वक आभार. पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन कोण कसते, हे विचारायचे राहिले. तिच्या वाटपात धरणग्रस्तांना प्राधान्य असायला हवे.

प्रतिसाद २ :
कागदावर प्राधान्य आहे. प्रत्यक्षात ज्याची मोटार जवळ आणि ज्याचा ट्रॅक्टर आधी पोहोचतो, तोच पेरणी करतो. धरणग्रस्तांच्या वारसांनी अर्ज वेळेत द्यावेत आणि ग्रामसभेने वाटपाची यादी चावडीवर लावण्याचा आग्रह धरावा, असे मला कळकळीने सुचवावेसे वाटते.