सल्ला हवा: पोस्टग्रेसच्या जोडणीच्या सेटिंग एका जागी कशा आणाव्यात?

आडत_लातूर
राम राम मंडळी. आडत दुकानांसाठी पट्टी-हिशेबाचं सॉफ्टवेअर करतो. सर्व्हर लातूरला, मशिनं उदगीर, अहमदपूर, औशात. डेटाबेस पोस्टग्रेस, प्रोग्रॅम पायथॉनमध्ये, दोन्ही जोडणारी सायकोपीजी लायब्ररी वापरून. होस्ट (सर्व्हरचा पत्ता), पोर्ट, युजर कुठं आयएनआय फाईलमध्ये, कुठं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (विंडोज-लिनक्समध्येच लावलेली सेटिंग), एका दुकानात तर थेट कोडात. नवीन पोरगं गेलं की फोन येतो, "दादा, हे सेटिंग कुठून उचलायलंय?" नवं सोयाबीन बाजारात यायच्या आत सर्व्हर बदलायचाय. काय करावं?

गोदाकाठ_नांदेड
सर्व्हिस फाईल वापरा, म्हणजे जोडणीची सेटिंग एका नावाखाली ठेवणारी साधी फाईल. पोस्टग्रेसमध्ये ही सोय लई जुनी आहे, पण कुणी बघत नाही. चौकटी कंसात एक नाव, समजा 'आडत', त्याखाली होस्ट, पोर्ट, डेटाबेस, युजर. प्रोग्रॅममध्ये फक्त 'सर्व्हिस बरोबर आडत' एवढंच राहतं. पीएसक्यूएल (पोस्टग्रेसचं कमांडवालं साधन) आणि पीजीअ‍ॅडमिन (खिडक्या-बटणांचं साधन) यांनाही तेच नाव चालतं. सर्व्हर बदलला की प्रत्येक मशिनवर ही एकच फाईल बदलायची.

पासवर्ड मात्र त्यात लिहू नका, त्याला पीजीपास फाईल वेगळी आहे. तिथं होस्ट जसा सर्व्हिस फाईलमध्ये लिहिलाय तसाच लिहा. एकीकडं आयपी आणि दुसरीकडं नाव असलं तर ओळ जुळत नाही, आणि माणूस पासवर्डच चुकलाय समजून बसतो. लिनक्सवर त्या फाईलची परवानगी ०६०० (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी) लागते, नाहीतर ती वाचलीच जात नाही.

जालना_रोड
वरचं बरोबर, एक भर. विंडोजवर या दोन्ही फाईली अ‍ॅपडेटा फोल्डरात शोधल्या जातात, म्हणजे लॉगिननुसार वेगळ्या. मुनीम दुसऱ्या लॉगिननं बसला की फाईल गायब. पीजीसर्व्हिसफाईल हे व्हेरिएबल पूर्ण मशिनसाठी लावून ठेवा आणि एकच पत्ता द्या.

कोण कुणावर चढतं तेही पोरांना भिंतीवर लिहून द्या: कनेक्शन स्ट्रिंगमधलं सगळ्यात वर, मग सर्व्हिस फाईल, मग एन्व्हायर्नमेंट, शेवटी डीफॉल्ट. निम्मे फोन तिथंच थांबतील. शंका आली तर पीएसक्यूएलमध्ये 'कॉनइन्फो' कमांड द्या, खरोखर कुठं जोडलंय ते दिसतं.

आणि 'कनेक्ट टाइमआउट', म्हणजे जोडणीसाठी किती वेळ थांबायचं ते, १० सेकंद टाका. डीफॉल्टमध्ये पोस्टग्रेसची स्वतःची मर्यादाच नाही. उदगीरला नेट गेलं की स्क्रीन अडकून बसते आणि शेतकरी पट्टीसाठी ताटकळतो.

मुक्काम_परभणी
फाईली तुमच्यासाठी, दुकानदारासाठी नव्हे. मालक ती फाईल कशाला उघडतोय? स्क्रीनच्या तळाशी होस्ट आणि डेटाबेसचं नाव कायम दाखवा, शेजारी 'जोडणी तपासा' बटण. ते दाबलं की नाव सापडलं नाही, पोर्ट बंद आहे की पासवर्ड चुकला, हे मराठीत आणि वेगवेगळं सांगा. "जोडणी अयशस्वी" एवढंच लिहिणाऱ्यांना मोंढ्यात हमाली करायला पाठवावं.

आडत_लातूर
लई उपयोगाचं. पण उदगीरचे अकाउंटंट एक्सेलमध्ये ओडीबीसीनं (डेटाबेसला जोडायची विंडोजची सोय) रिपोर्ट काढतात. डीएसएन (त्या जोडणीची नावानं साठवलेली नोंद) केलाय, तरी एक्सेलला दिसंना.

गोदाकाठ_नांदेड
एक्सेल ३२ बिट की ६४? विंडोजमध्ये ओडीबीसीचे दोन अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असतात आणि सिस्टिम डीएसएनची यादी दोन्हीकडं वेगळी. गंमत अशी की ६४ बिटवाल्याच्या फाईलच्या नावातही ३२ आहे, ती सिस्टिम३२ फोल्डरात. खरा ३२ बिटवाला सिसवॉव६४ मध्ये. ड्रायव्हरही ऑफिसच्या बिटचाच टाका.

पुढं कधी जावात किंवा सी-शार्पमध्ये काही लिहिलं तर हीच फाईल आपोआप वाचली जाईल असं धरू नका. सायकोपीजी लिबपीक्यूवर (पोस्टग्रेसची स्वतःची जोडणीची लायब्ररी) चालतं म्हणून ही सोय फुकट मिळते, ते ड्रायव्हर त्यावर नाहीत.

आडत_लातूर
ऑफिस ३२ बिटच निघालं. त्या बाजूला ड्रायव्हर टाकून डीएसएन केला, दिसायलाय. आता औशाच्या मशिनवर सर्व्हिस फाईल लावून बघतो. कोडातला पासवर्ड काढून सर्व्हरवर बदलणारच आहे, नुसता काढून भागत नाही.