मांजर पाणीच पिऊन नाही राहिली, काय करू?

प्रश्न (मनीषनगर)
आमची मनी चार वर्षांची, वजन 4 किलो. नागपुरात सध्या 45 च्या वर चाललंय, आम्ही दिवसातून दहादा माठाकडे जातो अन् ही वाटीला तोंडच लावत नाही, सकाळी भरलेली वाटी रात्री तेवढीच. खाते फक्त कोरडं फूड, ते नीट खाते. काल दुपारी पाहिलं तर कूलरच्या टाकीच्या कडेला पंजे टेकवून ताटीतून ठिबकणारं पाणी चाटून राहिली होती, ते पाणी तर हिरवट झालेलं. बोट बुडवून तोंडाला लावलं तर पळून जाते. खूप टेन्शन आलं आहे, सांगा ना जी कोणीतरी.

उत्तर (सदर)
ताई, मांजरीला दिवसाला किलोमागे साधारण 50 मिली पाणी लागते, म्हणजे मनीला 200 च्या आसपास, पण त्यात खाण्यातलंही धरायचं. कोरड्या फूडमध्ये पाणी असते 10 टक्के, पाऊचवाल्या ओल्यात 75-80. हे मूळचे वाळवंटातले प्राणी, शिकारीतूनच यांचं पाणी भागायचं, म्हणून तहान कमी लागते अन् कोरडं खाणारी मांजर ती कसर वाटीतून पूर्ण भरून काढत नाही. तर आधी एक वेळचं जेवण ओलं करा. रोज पाऊच परवडत नाही, मी चिकन उकडून ते पाणी कोमट करून देतो. मीठ-हळद काही नाही, अन् कांदा-लसूण तर चुकूनही नको, मांजरीला ते विष आहे.

उत्तर (प्रतापनगर)
वाटी कुठे ठेवता? आमच्याकडे खाण्याच्या बाजूलाच होती, प्लास्टिकची, खोलगट. ती काढून मातीचं पसरट कुंडं आणलं, काठोकाठ भरून पॅसेजमध्ये ठेवलं, एक बेडरूममध्ये, दोन्ही खाण्यापासून अन् लिटरपासून (तिच्या शी-शूच्या वाळूच्या ट्रेपासून) लांब. त्याच संध्याकाळी लपलप आवाज आला, मी स्वयंपाकघरातून धावत पाहायला गेली. अरुंद वाटीत मिशा घासतात ते बऱ्याच मांजरींना आवडत नाही. तुमच्या मनीला वाहतं पाणी आवडते असं दिसते, तर नळाची बारीक धार सोडून पाहा. पण कूलरजवळ जाऊ देऊ नका, पाणी घाण ते आहेच, करंट उतरला तर जीव जाईल.

उत्तर (सदर)
अन् कोणी दूध पाजा म्हणेल तर ऐकू नका, मोठ्या मांजरींना बहुतेक पचत नाही, जुलाब लागले की असलेलं पाणीही जाते.

उत्तर (गोधनी रोड)
माझं कळकळीचं सांगणं, लघवीवर लक्ष ठेवा. आमचा बोका दोन वर्षांआधी सारखा लिटरमध्ये बसून जोर करत होता, आम्हाला वाटलं पोट साफ होत नाही, एक रात्र त्यातच गेली. लघवी अडकली होती. बोक्यांमध्ये हे जास्त होते अन् एक-दोन दिवसांत जीवावर बेतते. रोज लिटरमधले लघवीने झालेले वाळूचे गोळे मोजा, कमी झाले, हिरड्या चिकट लागल्या, मानेवरची कातडी उचलून सोडल्यावर लगेच खाली बसली नाही, तर घरगुती उपाय सोडून सरळ डॉक्टर गाठा. सेमिनरी हिल्सवर व्हेटर्नरी कॉलेजचा दवाखाना आहे.

प्रश्नकर्ती (मनीषनगर)
सगळ्यांचे मनापासून आभार. हिरड्या ओल्या आहेत, कातडी लगेच बसते, आजचे दोन गोळे मोजले. कूलरची टाकी घासून धुतली, त्या खोलीचं दार आता बंदच ठेवते. चिकनचं पाणी अर्धी वाटी प्यायली, कुंड्याला अजून नुसतं हुंगून राहिली, उद्या जागा बदलून पाहते अन् इथेच सांगते.