जगण्याला अर्थ असला की मन शाबूत राहतं का?

सांजवाचक (धागाकर्ता)

नोकरी सुटली त्याला दीड वर्ष झालं. पहिल्या चार महिन्यांत काय केलं ते सांगता येणार नाही, कारण काहीच केलं नाही. दुपारी दोनला उठायचो, खिडकीचा पडदा ओढलेला तो ओढलेलाच. मग ओळखीच्या एका बाईंनी विचारलं, एका अंध विद्यार्थ्याला इतिहासाचं पुस्तक रेकॉर्ड करून हवंय, रोज थोडं वाचाल का? हो म्हणालो. नाही म्हणायलाही अंगात बळ लागतं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी सात वाजता फोन उशीवर ठेवून वाचतो. (टेबलावर ठेवला की खडखड येते.) तिसऱ्या आठवड्यात त्या मुलाचा निरोप आला, "पान ८७ वर तुमचा आवाज बसलाय. बरं नाही का?" घरात चार माणसं आहेत. माझा आवाज बसलाय हे त्यांच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं आणि कधीही न भेटलेल्या मुलाच्या आलं. त्या दिवशी मी पडदा सरकवला.

तर माझं मत असं की, आपल्या जगण्याला काही अर्थ आहे, आपल्यावाचून कुणाचं तरी काहीतरी अडतं, ही जाणीव मनाला सावरून धरते. हे नुसतं भाबडेपण नाही. जपानच्या ओसाकी भागात ४३,३९१ लोकांना विचारलं होतं, तुमच्या जगण्यात इकिगाई आहे का? म्हणजे सकाळी उठावंसं वाटेल असं काही आहे का? पुढे सात वर्षं त्यांचा मागोवा घेतला. २००८ साली छापून आलेला निष्कर्ष असा की 'नाही' म्हणणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त होतं. कर्करोगाच्या बाबतीत फरक दिसला नाही. हृदय-रक्तवाहिन्यांचे विकार आणि अपघात-आत्महत्येसारखी बाहेरची कारणं, यांत दिसला. आता बोला.

खवचट

जगण्याला काही अर्थ नाही हे एकदाचं पटल्यापासून मला छान झोप लागते. हे चालेल का?

सांजवाचक

झोप लागतेय ना, मग पळेल सुद्धा. हेवा वाटला.

दुसरी_बाजू

धागा वाचून तुमच्याबद्दल बरं वाटलं, पण मताशी असहमत. जरा तिखट लिहिते, राग मानू नका.

मला डिप्रेशन आलं तेव्हा घरात दोन लहान मुलं होती. अर्थ म्हणता ना? तो समोर बसून बुटाची नाडी बांधून मागत होता. माझ्यावाचून अडत नव्हतं असं एकही काम घरात नव्हतं. तरी आलं. आणि जो येईल तो म्हणायचा, "अगं, मुलांकडे बघ." मी बघायचे. बघितलं की वाटायचं, ह्यांना ह्याच्यापेक्षा बरी आई मिळायला हवी होती. तुम्ही ज्याला आधार म्हणताय तेच माझ्या गळ्यातलं ओझं झालं होतं.

डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या तेव्हाच सांगितलं होतं, गुण यायला काही आठवडे लागतील. पाचव्या आठवड्यात एका सकाळी धाकट्याची नाडी बांधताना लक्षात आलं की मी दोन गाठी मारतेय, म्हणजे दिवसभर सुटणार नाहीत. कित्येक महिन्यांत मी संध्याकाळचा विचारच केला नव्हता. अर्थ परत आला तो असा, आजार उतरल्यावर. ताप उतरला की भूक लागते. भूक लागली म्हणून ताप उतरला, असं कुणी म्हणत नाही.

म्हणून 'अर्थ शोधा, बरं वाटेल' हे वाक्य मला क्रूर वाटतं. आजारी माणसावर आणखी एक नापासाचा शेरा.

पांथस्थ

+१ दोघांनाही. अवांतर: २०१४ मध्ये १३२ देशांच्या माहितीवर एक अभ्यास आला होता. श्रीमंत देशांतले लोक आयुष्याबद्दल जास्त समाधानी, पण 'माझ्या आयुष्याला अर्थ आहे' असं म्हणण्यात गरीब देशांतले लोक पुढे. धार्मिकता हे त्यातलं एक मोठं कारण दिसलं. आत्महत्यांचं प्रमाणही श्रीमंत देशांत जास्त.

खवचट

म्हणजे पगारवाढ का नको हे सांगायला साहेबांना आणखी एक मुद्दा मिळाला.

हिरवा_कोपरा

एवढा काथ्याकूट कशाला? कुंडीत एक रोप लावा. वृद्धाश्रमातल्या लोकांना रोप सांभाळायला दिलं तर ते जास्त जगले, असा प्रसिद्ध प्रयोग आहे. काळजी घ्यायला काहीतरी हवं, बस.

आकडेमोड

हा प्रयोग माझा आवडता आहे, कारण तो सगळ्यांना अर्धाच माहीत असतो. १९७६ साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात केलेला. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं की रोप तुमचं, तुम्हीच सांभाळा, शिवाय खोलीतली मांडणी, सिनेमा कुठल्या दिवशी बघायचा तेही तुम्हीच ठरवा. दुसऱ्या मजल्यावर रोपं दिली, पण पाणी परिचारिका घालणार. म्हणजे मुळात तपासला होता तो आपल्या हातात काही असण्याचा परिणाम, जगण्याचा अर्थ नव्हे. दीड वर्षांनी मृत्यूंची तुलना छापली, पण त्या गणितात चूक निघाली आणि पुढच्याच वर्षी दुरुस्ती छापावी लागली. दुरुस्त आकडा 'पक्का फरक' म्हणण्याच्या रेषेपर्यंत पोहोचला नाही. दुरुस्ती मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

धागाकर्त्यांच्या ओसाकीबद्दलही तेच. ज्याची तब्येत आधीच ढासळलेली आहे, तो 'उठावंसं वाटत नाही' असंच म्हणणार. संशोधक आजार, सवयी, शिक्षण वगैरे हिशेबातून वजा करतात, इथेही केलं होतं. पण कुणी न नोंदलेली गोष्ट वजा कशी करणार? दुसरी_बाजू म्हणतात तो उलटा बाण, म्हणजे आधी आजार आणि त्यापायी अर्थ हरवणं, अशा अभ्यासांत कायम शिल्लक राहतो.

मला सर्वांत उपयोगी वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. मायकेल स्टेगर हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली दहा विधानांची एक प्रश्नावली केली. पाच विधानं 'माझ्या आयुष्यात अर्थ आहे' या बाजूची, पाच 'मी तो शोधतोय' या बाजूची. दोन्हींचे गुण वेगवेगळे मोजायचे. ज्यांच्याकडे अर्थ आहे ते एकंदरीत बरे असतात. जे शोधतायत ते तसे असतीलच असं नाही, उलट शोधाचे गुण वाढतात तसं नैराश्यही थोडं जास्त दिसतं. असणं आणि शोधणं यांत हा एवढा फरक आहे, आणि सल्ला देणारे नेमकं शोधायला पाठवतात.

सांजवाचक

आकडेमोड, हे कामाचं बोललात. मी शोधायला गेलोच नव्हतो, हेही खरं. बाईंचा फोन आला नसता तर आजही पडदा तसाच असता.

पण दुसरी_बाजू, तुमच्या तापाच्या दाखल्यावर एक शंका. तापातून उठणाऱ्याला भूक लागेपर्यंत आपण उपाशी ठेवत नाही ना? चव नसली तरी दोन घास पोटात जायला हवेत. मी पहिले दोन आठवडे वाचलं तेव्हा मला शष्प काही वाटत नव्हतं. नुसता सात वाजता बसायचो. वाटणं मागाहून आलं. पुढे समुपदेशकांकडे गेलो तेव्हा कळलं की त्यांच्याकडे हीच रीतसर पद्धत आहे. वाटेपर्यंत थांबायचं नाही, ठरवून छोटी छोटी कामं करायची, मन मागून फरफटत येतं.

दुसरी_बाजू

दोन घास मान्य. पण ते घास कुणी भरवायचे, किती, आणि 'बघ, खाल्लंस की नाही!' असं म्हणायचं की गप्प बसायचं, सगळा फरक तिथेच पडतो. तुमच्या बाईंनी तुम्हाला बरं करायला काम दिलं नव्हतं. एका मुलाला पुस्तक हवं होतं. मला 'तुझ्या भल्यासाठी' चित्रकलेच्या वर्गात घातलं होतं, तिथे मी दीड तास पेन्सिलीला टोक करत बसायचे.

आणि तुमचे चार महिने नि माझं ते वर्ष एकाच तराजूत घालू नका. तुम्हाला सात वाजता बसता येत होतं. मला दात घासायला जमत नव्हतं.

खुंटी

मी तिसराच मुद्दा मांडतो. इथे सगळे 'अर्थ कमी पडला तर काय' यावर बोलतायत. जास्त झाला तर?

मी बारा वर्षं एका संघटनेत होतो. नाव नको. सकाळ-संध्याकाळ तेच, मित्र तेच, लग्न त्यातच ठरलं आणि त्यापायीच मोडलं. आपण का जगतो असा प्रश्न त्या बारा वर्षांत एकदाही पडला नाही. वरच्या प्रश्नावलीत मला पैकीच्या पैकी पडले असते. मग आतले व्यवहार दिसले आणि बाहेर पडलो. एका खुंटीला सगळे कपडे टांगले होते, ती भिंतीतूनच उखडली. तुमच्यासारखी नुसती नोकरी गेली असती तर बाकीचं काही उरलं तरी असतं.

एमिल दुर्खाइम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञांनी आत्महत्येवर लिहिलं ते १८९७ मध्ये. माणूस समाजापासून तुटला की धोका, हे सगळे त्यांच्याकडून घेतात. पण माणूस समूहात इतका विरघळला की स्वतःचा जीव त्याला क्षुल्लक वाटू लागतो, हाही धोका त्यांनी त्याच पुस्तकात मांडलाय. अर्थ ही मनाची ढाल, असं म्हणताय ते ठीक, पण तिच्या वजनाने खांदा निखळतो.

आता माझ्याकडे चार-पाच किरकोळ गोष्टी आहेत. एकही भव्य नाही. एक गेली तर वाईट वाटेल, झोप उडणार नाही.

हिरवा_कोपरा

पण नाझी छळछावणीतून वाचलेले मनोविकारतज्ज्ञ फ्रँकल, त्यांचं काय? छावणीत ज्यांच्याकडे जगण्याचं कारण होतं तेच वाचले ना?

आकडेमोड

नाही हो. व्हिक्टर फ्रँकल यांनीच लिहून ठेवलंय की आमच्यातले सर्वांत चांगले परतले नाहीत. त्यांची पत्नी, आई, वडील, भाऊ, कुणीच वाचलं नाही. त्या सगळ्यांकडे जगण्याचं कारण नव्हतं असं म्हणायचं का? वाचले ते बऱ्याच अंशी नशिबाने, हे तेही मान्य करतात. त्यांचा दावा त्याहून लहान आहे. सगळं हिरावून घेतलं तरी जे उरतं त्याच्याशी कसं वागायचं, एवढं माणसाच्या हातात असतं. आणि हा विचार त्यांना छावणीत सुचला नाही. ते आधीपासून व्हिएन्नात मनोविकारतज्ज्ञ होते, आत्महत्येच्या विचारांनी ग्रासलेल्या स्त्रियांवर उपचार करत होते. छावणीत गेले तेव्हा पुस्तकाचं हस्तलिखित अंगावर होतं, ते तिथे गमावलं.

निशाचर

कर्करोगाच्या वॉर्डात रात्रपाळी करते, म्हणून दोन शब्द. विल्यम ब्राइटबार्ट या न्यूयॉर्कच्या मनोविकारतज्ज्ञांनी फ्रँकल यांच्या विचारावर बेतून रोग पुढे गेलेल्या रुग्णांसाठी आठ बैठकांची उपचारपद्धती बसवली आणि तिच्या रीतसर चाचण्या झाल्या, रुग्णांना दोन गटांत वाटून. नैराश्य आणि हताशपणा कमी झाल्याचं त्यांत दिसलं. म्हणजे बाण फक्त उलटाच आहे असंही नाही, आकडेमोड.

पण मला त्या पद्धतीपेक्षा एक आजोबा आठवतात. सुतारकाम केलेले. कुणाशी बोलायचे नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. एकदा रात्री दोनला बेल वाजवली. वाटलं दुखतंय. म्हणाले, "ते दार घासतंय. वरची बिजागरी सैल आहे, एक स्क्रू लांब घाला, मग बसेल." मी सकाळी देखभालवाल्यांना सांगितलं. त्यांनी नेहमीचाच स्क्रू घातला, दार पुन्हा घासलं. आजोबा चिडले. चिडले म्हणजे खरोखर चिडले, उठून बसले, कागद मागवून माप लिहून दिलं. पुढचे नऊ दिवस आल्या-गेल्या प्रत्येकाला ते दार उघडून दाखवायला लावायचे.

नैराश्य गेलं का? माहीत नाही, मी मोजलं नाही. गोळी चालू होतीच, ती मी बंद करू दिली नसती.

दुसरी_बाजू

निशाचर, तुमचं शेवटचं वाक्य फ्रेम करून लावावंसं वाटतंय. दार खरंच घासत होतं, हे मला सर्वांत आवडलं. कुणी त्यांचं मन रमवायला बिजागरी सैल केली नव्हती.

सांजवाचक, माझं मत आहे तिथेच आहे. आधी डॉक्टर. पण एक विचारते, कुठवर आलंय पुस्तक?

सांजवाचक

पान १४२. उद्या घोडं अडणार आहे. सनावळीचा मोठा तक्ता आहे, चार रकाने. आडवा वाचला तर तो गोंधळेल, उभा वाचला तर घटना एकीकडे आणि साल दुसरीकडे. असं वाचायची सवय कुणाला आहे का इथे?

खवचट

आडवा वाचा. दर ओळीला रकान्याचं नाव पुन्हा सांगायचं, "साल अमुक, ठिकाण तमुक". आणि सुरुवातीलाच सांगून टाका की चार रकाने नि इतक्या ओळी आहेत, म्हणजे तो डोक्यात चौकट आखून घेतो. मी सहा वर्षं वाचतोय, विज्ञानाची पुस्तकं. तुमची सनावळ म्हणजे सुट्टी आहे, आकृत्या येऊ देत मग बघू.